फुटाणा बोलत नाही

लग्नात किंवा हळदीकुंकवाला शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, तुम्ही काय करता? बरीच वर्षं मी "आवाजाचं काम करते" असं सांगून विषय बदलायची. समोरचीचा समज व्हायचा, की मी भजनाचे वर्ग घेत असेन. आता केस पांढरे झाले आणि लाजही गेली. आता सरळ सांगून टाकते, मी भुंकते.

नुसती भुंकत नाही. गुरगुरते, केकाटते, धापा टाकते, झोपेत मिटक्या मारते, तोंडात चप्पल धरून तक्रारही करते. लहान मुलांच्या कार्टून मालिकेतल्या एका कुत्र्याचा आवाज म्हणजे मी. त्याचं नाव फुटाणा. भाजलेल्या चण्याच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, अंगापेक्षा शेपटीच जास्त हलवणारा. समुद्राकाठच्या एका गावात, सुपारीच्या वाडीत, मनू नावाच्या मुलीकडे तो राहतो. वाळत घातलेले बोंबील पळवतो, फटाक्यांना घाबरतो आणि कोंबड्यांची राखण करायला ठेवला तर संकट आल्यावर कोंबड्यांच्याच मागे लपतो. पोरांचा त्याच्यावर फार जीव. मनूपेक्षाही जास्त, हे मनूचा आवाज करणाऱ्या मुलीसमोर मी कधी बोलले नाही.

मी मूळची चिंचणीची, लग्नानंतर पालघरची. तरुणपणी मला नटी व्हायचं होतं. एकांकिका स्पर्धांत मी हिरिरीने भाग घ्यायची आणि परीक्षक माझ्या उच्चारांचं कौतुक करायचे. मालिकेचा दिग्दर्शक प्रसाद त्या स्पर्धांत माझं काम बघायला असायचा. मुंबईत कार्टूनचं काम शिकून तो परत आला आणि त्याने बोईसरला नवापूर रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, आपला छोटा स्टुडिओ थाटला. खालून ट्रक गेला की खिडकी थरथरायची आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं. अशा ठिकाणी त्याने मला बोलावलं, ते मनूच्या मावशीचा आवाज करायला.

तेव्हा फुटाण्यासाठी खऱ्या कुत्र्यांचा आवाज वापरायचं ठरलं होतं. ध्वनिमुद्रण सांभाळणारा इम्रान गल्लीगल्लीत फिरून कुत्र्यांचे आवाज टिपून आणायचा. पण नमुन्याच्या चित्रांवर ते चढवले की काहीतरी बिनसायचं. पडद्यावरचा कुत्रा एकीकडे आणि भुंकणं दुसरीकडे. कारण साधं होतं. खरा कुत्रा त्याच्या कामासाठी भुंकतो, आपल्या गोष्टीसाठी नाही. त्याला आधी हो म्हणून मग घाबरायचं नसतं, बढाई मारता मारता मध्येच अडखळायचं नसतं.

माझं मावशीचं वाक्य होतं, "फुटाण्या, सोड तो बोंबील." ते मी म्हटलं आणि पुढे कुत्र्याचं उत्तर काही येईना, म्हणून माझी मीच तोंड मिटून, दातांत मासा धरल्यासारखी गुरगुरले. गुरगुरता गुरगुरता शेवट जरा विनवणीकडे गेला. काचेपलीकडून इम्रान म्हणाला, "दीदी, वो फिर से करो." मी पुन्हा वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "वो नहीं. वो जो बाद में किया."

पुढे मावशी गावाला गेली ती परत आलीच नाही. मी मात्र राहिले. स्पष्ट उच्चारांची बक्षिसं मिळवलेल्या बाईला आयुष्यभर एकही शब्द नसलेली भूमिका मिळाली, याची चुटपुट मला लागली नाही असं नाही. पण ती भूमिका माझी होती.

या कामाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, आधी चित्र तयार होतं आणि मग आम्ही त्यावर आवाज लावतो. परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणताना तसं करतात. आमच्याकडे उलट असतं. आधी आवाज, मग चित्र. मी मायक्रोफोनसमोर उभी राहते, माझा चेहरा एका कॅमेऱ्याने टिपला जातो आणि ते सगळं समोर ठेवून चित्रकार फुटाण्याला हलवतात. मी श्वास जिथे घेतला तिथे त्याची छाती फुगते. मी भुवई उचलली तर त्याची उचलली जाते. पहिला भाग टीव्हीवर लागला तेव्हा माझे यजमान सुधीर तारापूरच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. फुटाणा मनूवर रुसून बसला होता. सुधीरनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्यासारखा रुसलाय गं." मग बराच वेळ माझ्याकडे आणि टीव्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

करोनाच्या काळात स्टुडिओ बंद झाला आणि मी पालघरच्या घरीच काम सुरू केलं. कपड्यांच्या कपाटात मायक्रोफोन लावला. साड्या आवाज शोषून घेतात, घुमू देत नाहीत. कपाटात डोकं घालून मी सकाळभर भुंकायची. आठवड्याभराने आमच्या इमारतीचे सचिव काका दोन सभासदांना घेऊन दारात आले. निवृत्त बँक अधिकारी, नियमाला पक्के. म्हणाले, इमारतीत कुत्रा पाळायचा तर समितीला कळवावं लागतं, तुम्ही लपवून ठेवलाय अशी तक्रार आहे. मी म्हटलं, घरात कुत्रा नाही. त्यांनी मास्क नीट केला आणि नम्रपणे विचारलं, मग आम्ही आत बघू का? बघितलं. पलंगाखाली, बाल्कनीत, न्हाणीघरात. शेवटी मी कपाट उघडून दाखवलं आणि त्यात तोंड घालून दोनदा भुंकले. एक सभासद दचकून मागे सरकला. सचिव काका मात्र हसले नाहीत. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, फुटाणा का? त्यांची नात बंगळुरूला होती, आणि रोज संध्याकाळी दोघं फोन लावून आपापल्या घरी तोच कार्यक्रम बघायचे. जाताना ते सोबतच्या सभासदांना म्हणाले, की हा आवाज नियमात बसतो.

सगळेच अनुभव इतके गोड नव्हते. बोईसरचे एक कंत्राटदार, मूळचे उत्तर प्रदेशातले, स्टुडिओत येऊन मला म्हणाले, "मैडम, मेरे बेटे के बर्थडे पे आके भौंकेंगी?" इम्रानला हसू आवरेना. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मुलगा फुटाण्याशिवाय जेवत नव्हता. मी गेले. फुगे, केक, पोरांचा गलका, आणि मधोमध नेसूची साडी सावरत उभी असलेली मी. वडिलांनी सांगितलं, ये है फुटाणा. मुलाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रडायला सुरुवात केली. मी भुंकून दाखवलं तर आणखी मोठ्याने रडला. मग मी आतल्या खोलीत गेले, दाराचा पडदा ओढला आणि पडद्याआडून हळूच नाकाने हुंगल्याचा आवाज केला. रडणं थांबलं. थोड्या वेळाने पडद्यापलीकडे कोणीतरी येऊन बसल्याचं कळलं. त्याने त्याच्या शाळेची, मित्राच्या सायकलची, कसली कसली हकिगत सांगितली. मी मधूनमधून कुंईकुंई करत राहिले. तेव्हापासून मी एक नियम केला. नाव सांगायचं, पण मुलांना चेहरा दाखवायचा नाही. फुटाण्याच्या आत कोणी बाई आहे, हे त्यांना नको असतं.

मी पुष्कळदा विचार केला आहे, की कार्टूनमधल्या कुत्र्यावर मुलं एवढी का भाळतात. माझं मत असं, की घरात मुलाच्या खालचा नंबर फक्त कुत्र्याचा असतो. दोघांनाही कुठे जायचंय हे कोणी सांगत नाही. दोघांवरही विनाकारण ओरडलं जातं. दोघांनाही थांब म्हटलं की थांबावं लागतं. म्हणून कुत्रा फजित झाला तर मूल हसतं, आणि कुत्रा एकटा राहिला तर मुलाचा घास हातातच राहतो.

एका भागात फुटाणा असाच एकटा राहणार होता. मनू शिकायला शहरात निघते, गाडी सुटते आणि फुटाणा फाटकाशी उरतो. प्रसादला जोरदार रडणं हवं होतं, शेवटी एक लांब विव्हळ. मी सगळे प्रकार केले. चांगले झाले होते, पण माझं मलाच ते खोटं वाटत होतं. मी म्हटलं, मला जरा बाहेर जाऊन येऊ दे. जिन्यात उभी राहिले आणि मला आमचा राजा आठवला.

राजा हा माझ्या वडिलांचा कुत्रा. चिंचणीला आमची मिरचीची वाडी होती आणि भाऊ, म्हणजे माझे वडील, जिथे जातील तिथे राजा मागे. भाऊंना एका सकाळी रिक्षातून दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. लोक म्हणत होते, कुत्रा आता रडेल बघा. तो रडला नाही. फाटकाशी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून रस्त्याकडे तोंड करून पडला. रिक्षाचा आवाज आला की उठायचा. रिक्षा पुढे निघून गेली की परत बसायचा आणि नाकातून एक लांब श्वास सोडायचा. बस, तेवढंच. दिवसभर माणसं येऊन रडून जात होती, आणि मला मात्र तो श्वासच ऐकवेना.

मी आत येऊन मायक्रोफोनजवळ गेले. आधी घशात एक अर्धवट आनंद, गाडी आल्यासारखा. मग तो विरतो. मग तो नाकातला श्वास. इम्रानने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उठून खिडकीशी गेला. प्रसाद म्हणाला, पोरांना हे कळणार नाही, हे फार बारीक आहे. मी म्हटलं, एकदा चित्र काढून बघ. चित्रकारांनी त्या श्वासावर फुटाण्याचे खांदे खाली जाताना दाखवले, इतकंच. भाग प्रसारित झाल्यावर पालकांचे इतके फोन आले, की मनूला पुढच्या भागात सुट्टीसाठी घरी आणावं लागलं.

या सगळ्यानंतर मी निर्धास्त झाले होते. मग एके दिवशी वाहिनीकडून निरोप आला, की पुढच्या पर्वात फुटाणा बोलेल. शर्विल नावाचे वाहिनीचे तरुण अधिकारी स्वतः बोईसरला आले. हुशार माणूस, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं, की बोलणारी पात्रं जास्त चालतात, विनोद जास्त करता येतात, आणि एक नावाजलेले विनोदी नट आवाज द्यायला तयार आहेत. मला ते म्हणाले, तुमचं भुंकणंसुद्धा अधूनमधून ठेवू.

मी म्हटलं, तो बोलायला लागला तर फुटाणा राहणार नाही. शर्विल हसून म्हणाले, असं तुम्हाला वाटणारच. ते लागलं. कारण त्यात खरं होतं. माझं काम जाणार होतं, आणि ज्याचं काम जाणार त्याच्या मताला कोण किंमत देतो? घरी आल्यावर मी सुधीरना विचारलं, मी हे स्वतःसाठीच म्हणतेय का? ते म्हणाले, थोडं स्वतःसाठी असलं म्हणून चूक कशी ठरेल?

दुसऱ्या दिवशी मी प्रसादला सुचवलं, की दोन्ही प्रकार करू आणि मुलांनाच दाखवू. मुलांना बोलणारा आवडला तर मी गप्प बसेन. शर्विल तयार झाले. मनू शहरात निघते तोच प्रसंग घेतला. एकात जुना फुटाणा, दुसऱ्यात बोलणारा. त्या नटांनी जीव ओतून काम केलं होतं, मी ते नाकारणार नाही.

माझी नणंद बोईसरजवळच्या एका शाळेत शिकवते. तिथे कारखान्यांतल्या हिंदी बोलणाऱ्या कामगारांची मुलं आहेत, किनाऱ्याकडची आहेत, आणि डोंगराकडून कामाला आलेल्या घरांतलीही आहेत. मुख्याध्यापिकेच्या परवानगीने हॉलमध्ये पडदा लावला. मुलं सतरंजीवर बसली. प्रसाद, शर्विल आणि मी मागे भिंतीशी उभे होतो.

आधी बोलणारा फुटाणा दाखवला. तो मनूला म्हणाला, जा बाई जा, पण माझ्या बोंबलाचं काय ते सांगून जा. हॉल हसून लोटपोट झाला. एक मुलगा तर शेजाऱ्याच्या अंगावर कोसळला. शर्विलनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची सभ्यता. मनात म्हटलं, मंगल, झालं तुझं, आता घरी जाऊन कपाटात परत साड्या लाव.

मग जुना लावला. हसू हळूहळू ओसरलं. गाडी सुटली, फुटाणा फाटकाशी बसला आणि तो श्वास आला. मग पुढे बसलेलं एक पोर पडद्याकडे बघत हळूच म्हणालं, "मला पन ने." लगेच दुसरीकडून आलं, "मुझे भी ले चलो ना." तिसरं कोणी म्हणालं, "मी इतंच हाय, तू ये." बघता बघता सगळ्या हॉलमधून बोलणं सुरू झालं, ज्याच्या त्याच्या बोलीत, पडद्यावरच्या मुक्या कुत्र्याच्या वतीने. शिक्षिकांना त्यांना गप्प करायचं सुचलं नाही.

संपल्यावर शर्विल पुढे गेले. त्यांनी मुलांना विचारलं, कुठला आवडला? निम्म्याहून अधिक मुलं पहिल्याचं नाव घेत होती, कारण तो गमतीचा होता. मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला विचारलं, तुला घरी कुठला न्यायला आवडेल? तिने जरा विचार केला.

"दुसरा," ती म्हणाली. "पयल्याच्या पोटात कोनीतरी मानूस हाय."

आजूबाजूची मुलं तिच्याकडे बघायला लागली. पहिल्याचं नाव घेणाऱ्या त्या कोसळलेल्या मुलानेही मान हलवली. शर्विलनी तिला विचारलं, आणि दुसऱ्याच्या पोटात? ती म्हणाली, त्याच्या पोटात कोणी नाय, तो कुत्रा हाय. मी भिंतीशी उभी राहून पदराने डोळे पुसत होते. इतक्या वर्षांत मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा ते मोठं होतं, की मी त्याच्यात नाही असं एका मुलीने सांगितलं.

शर्विलनी नणंदेने केलेला चहा घेतला आणि ते गाडीत बसून गेले. पंधरवडाभर काही कळलं नाही आणि तो पंधरवडा वाईट गेला. मग प्रसादचा फोन आला. मालिकेत फुटाणा बोलणार नाही. बोलणारा फुटाणा त्यांनी एका बिस्किटाच्या जाहिरातीत वापरला. ती जाहिरात लागली की मी अजूनही दुसऱ्या खोलीत जाते. शर्विलबद्दल मात्र राग राहिला नाही. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला माझ्या लहानपणीचा कुत्रा आठवला, आणि त्याच्याशी मी काय काय बोलायचो तेही. त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी काय करू? मी म्हटलं, मालिकेच्या सुरुवातीला बाकी सगळ्यांची नावं येतात आणि मी "विशेष ध्वनी" या मोघम शब्दांत असते. तिथे फुटाणा लिहा आणि समोर माझं नाव.

त्यांनी ते केलं. नव्या पर्वाचा पहिला भाग लागला त्या संध्याकाळी मी चिंचणीला आईकडे होते. आईबद्दल मी अजून काही लिहिलं नाही, कारण आमचा या विषयावर कधी संवादच नव्हता. मी काय करते हे तिला पक्कं माहीत होतं, आणि शेजारीपाजारी ती पक्कं सांगायची, की मंगल एका ऑफिसात नोकरीला आहे. लेकीला शिकवलं, नाटकाची बक्षिसं ट्रंकेत जपली, आणि लेक शेवटी कुत्रा झाली, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. मीही कधी तिला भाग बघायला लावला नाही.

टीव्ही सुरू होता. नाव येणार हे मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ओटीवरून आत येता येता आई पडद्यासमोर थांबली. अक्षरं मोठी होती आणि तिचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. तिने ओठ हलवत नाव वाचलं. तेवढ्यात ते गेलंही, आणि फुटाणा तोंडात बोंबील धरून कुंपणावरून उडी मारत धावत आला, मागे सगळं गाव. आई उभ्यानेच बघत राहिली. एका जागी तो चिखलात घसरला तेव्हा तिने हात पुढे केला, त्याला धरायला.

मग ती खिडकीशी गेली आणि वाडीपलीकडच्या शेजारणीला तिने हाक मारली. इतकी मोठी, की रस्त्याने जाणारे दोघंतिघं थांबले.

"काम टाक आनि ये गो. बघ, माजी पोर भुंकतेय."